आधी ‘युनिकॉर्न’ लिहा

ऑक्टोबर जवळ आला की ओपन सोर्सच्या याद्या सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. दर ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्समधल्या योगदानासाठी भरणाऱ्या हॅकटोबरफेस्ट या उपक्रमाचा २०२० चा धुमाकूळ अजून कोणी विसरलेले नाही. चार पुल रिक्वेस्ट (बदलाचे प्रस्ताव) पाठवा, टी-शर्ट मिळवा! मग काय, कुणाच्याही रीडमी फाइलीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे दोन शब्द घुसडायचे आणि त्याला योगदान म्हणायचे. त्या गर्दीत आपली भारतीय पोरे थोडीथोडकी नव्हती. शेवटी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांनी नियम फिरवला: ज्या प्रकल्पाला सहभागी व्हायचे असेल, त्याने तसे आधी जाहीर करायचे.

अशा लोंढ्यापुढे यादी टिकते ती नियमांवर. सिंद्रे सोर्हुस या नॉर्वेच्या प्रोग्रामरने २०१४ मध्ये गिटहबवर ‘ऑसम’ ही निरनिराळ्या विषयांवरच्या निवडक याद्यांची यादी सुरू केली. तिचे नियम वाचताना आधी हसू येते. भर घालणाऱ्याने पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात ‘अपडेट रीडमी’ असे मोघम लिहायचे नाही. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम हवाच. आणि माझा सर्वांत आवडता नियम: सूचना खरोखर वाचल्या असतील तर प्रतिक्रियेत ‘युनिकॉर्न’ हा शब्द लिहा. न वाचता आलेला माणूस तिथेच उघडा पडतो. शिवाय रांगेतल्या इतर दोन जणांच्या पुल रिक्वेस्ट तपासून द्याव्या लागतात. म्हणजे आपले घोडे पुढे दामटण्याआधी दुसऱ्यांसाठी थोडे राबायचे. हे मला फार न्याय्य वाटते.

यातला एकही नियम सॉफ्टवेअर चांगले की वाईट हे ठरवत नाही. तो निवाडा माणसाच्याच माथी राहतो: जे तुम्ही स्वतः दुसऱ्याला सुचवाल तेवढेच घ्या, शंका असेल तर वगळा. नियम राखतात तो फुकट काम करणाऱ्या संपादकाचा वेळ. तो वेळ संपला की यादीही संपते. स्वयंसेवकांनी १९९८ पासून चालवलेली डीमॉझ ही वेबसाइटांची प्रचंड सूची २०१७ मध्ये बंद झाली. तिथे नोंदीसाठी अर्ज केलेली माणसे महिनोन्‌महिने ताटकळत.

आता नवे दुखणे एआयचे. यंत्र सूचना इमानदारीने वाचते, ‘युनिकॉर्न’ लिहिते, पूर्णविरामही चुकवत नाही. दोन परीक्षणेसुद्धा गुळगुळीत भाषेत करून देईल. वाचनाची परीक्षा घेणारे नियम अशाने कुचकामी ठरतात. उरतात ते वाट पाहायला लावणारे. ‘ऑसम’मध्ये दाखल होऊ पाहणारी यादी निदान ३० दिवसांची जुनी हवी. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या सॉफ्टवेअरची यादी, ‘ऑसम-सेल्फहोस्टेड’, त्याहून कडक आहे: पहिली आवृत्ती येऊन चार महिने उलटलेले हवेत. आज संध्याकाळी एआयकडून लिहून घेतलेल्या आणि महिन्याभरात वाऱ्यावर सोडलेल्या प्रकल्पाला ही अट झेपत नाही. उद्या मी अशी यादी काढली तर चाराचे सहा महिने करीन. होतकरू पोरे रागावतील, पण त्यांचा प्रकल्प सहा महिन्यांनीही चालू असेल तर नोंद कुठे पळून जात नाही.