क्लच जड का होतो?

दिल्लीचे हिंदूराव रुग्णालय रिजच्या टेकडीवर आहे. बायजाबाई शिंद्यांचे भाऊ हिंदूराव घाटगे यांचा तिथे वाडा होता, म्हणून हे नाव. त्या चढावर गर्दीत क्लचची खरी परीक्षा होते. माझ्या मामांच्या जुन्या मारुती ८०० चे पेडल खरखरत जाई आणि मध्येच अडके. मागे कधी रिक्षा, कधी रुग्णवाहिका.

या गाडीचा क्लच केबलवर चालतो. इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून, चाकांमागे दगड लावून आम्ही गीअरबॉक्सकडचे केबलचे टोक सोडवले. आता पेडल मोकळे झाले असते, तर दोष गीअरबॉक्सच्या फोर्कमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. ते काम मिस्त्रीचेच. पण पेडल अडकतच होते. मग पेडलकडचे टोकही काढले. पेडल हलके! म्हणजे पिन आणि बुश ठीक. राहिली केबल. तार हाताने ओढली, तर आत खरखर, आणि टोकाशी तीन धागे तुटलेले.

अशा केबलमध्ये तेल ओतणारे पुष्कळ भेटतात. तुटलेले धागे तेलाने जुळत नाहीत. केबल बदलावीच लागते. नवी लावताना पेडलला वर थोडा मोकळा खेळ ठेवावा. तो नसेल तर क्लच नेहमीच अर्धवट दाबलेला राहतो, आणि चढावर इंजिन ओरडते पण गाडी सरकत नाही.