तंतूचे श्रवण आणि केबलची थरथर

पाण्याखालचा ध्वनी टिपण्याचे काम दाबाने विद्युत् उत्पन्न करणाऱ्या स्फटिकांकडे फार काळ होते व आजही बऱ्याच अंशी आहे. परंतु १९७७ साली अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील बुकारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच काम काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाकडूनही करवून घेता येते असे दाखविले. लेसरच्या प्रकाशाचे दोन भाग करून ते दोन तंतूंतून सोडावयाचे. पैकी एक तंतू पोकळ, पातळ नळकांड्यावर गुंडाळलेला असल्यामुळे ध्वनीचा दाब पडताच त्याची लांबी किंचित बदलते, आणि दाबापासून जपलेल्या दुसऱ्या तंतूतील प्रकाशाशी तुलना करून तो बदल मोजता येतो. प्रकाशाची तरंगलांबी १.५५ मायक्रॉन असली, तर तिच्या लक्षांशाएवढा बदलही नजरेतून सुटत नाही.

मात्र लांबी बदलली एवढीच नोंद तंतूपाशी होते. ती कोणाच्या हुकुमाने बदलली, याची नाही. अशा संवेदकांची माळ केबलला जोडून जहाजामागून ओढली जात असता केबलच्या पाठीशी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरू लागते. दोन सेंटिमीटर जाडीची केबल सेकंदाला एक मीटर वेगाने आडवी ओढली गेल्यास ही थरथर सुमारे १० हर्ट्‌झची भरते, आणि दूरच्या मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाजही नेमका याच पट्ट्यात असतो. मग ध्वनी कोणता आणि आपलाच कंप कोणता?

इलाज सापडला तो दोहोंच्या स्वभावभेदात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्याने १००० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी दीड मीटर होते, आणि वीतभर नळकांड्याला तिचा दाब सर्व बाजूंनी जवळजवळ सारखाच जाणवतो. धक्क्याला मात्र दिशा असते. म्हणून नळकांडे बरोबर मध्यावर धरले, तर अक्षाच्या दिशेने हिसका बसताच पुढचा अर्धा भाग आखडून फुगतो, मागचा लांबून बारीक होतो, आणि दोहोंवर सारखाच गुंडाळलेला तंतू एकीकडे जितका ताणला जातो तितकाच दुसरीकडे सैलावतो. तुलनेचा तंतूही त्याच अक्षावरील आतल्या नळकांड्यावर गुंडाळण्याची तजवीज केली, की दोन्ही तंतू बरोबरीने हलतात आणि वजाबाकीत तो कंप बव्हंशी उडून जातो. मला ही युक्ती कंप अडविणाऱ्या रबराच्या गाद्यांहून अधिक खानदानी वाटते.

तरीही गुंडाळीचा ताण, गोंदाचा थर, भिंतीची जाडी यांत तिळभर विषमता उरतेच, म्हणून ओढणारी केबल आणि संवेदकांची माळ यांच्यामध्ये लवचीक तुकडा घालण्याचा रिवाज आहे. या तुकड्यालाही स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते: तिच्याहून बऱ्याच वरचे धक्के तो गिळतो, खालचे जसेच्या तसे पुढे पाठवितो, आणि नेमके तिच्याशी जुळणारे वाढवूनही देतो.