पावणेतीनशे पोत्यांचा धक्का

आधी दोन मापं ठरवून घेऊ. वेगासाठी दहा मीटर खोल कोरडी विहीर. धक्क्यासाठी साखरेचं ५० किलोचं पोतं. आता बसा गाडीत!

वेग ताशी ५० किलोमीटर, शहरातला रोजचाच. समोर भिंत. या वेगाने आपटणं म्हणजे आपल्या विहिरीच्या काठावरून थेट तळाला जाणं. एक्स्प्रेस वेवरचे १०० घ्या. वेग दुप्पट झाला, पण विहिरी दोन नाही होत, चार होतात! एकीखाली एक अशा चार विहिरी, आणि तळाशी खडक.

पुन्हा ५० वर येऊ. तुमचं वजन ७० किलो आहे आणि बेल्ट लावलेला नाही. गाडी थांबली, तुम्ही मात्र ५० च्याच वेगात पुढे गेलात आणि स्टिअरिंगवर समजा ५ सेंटिमीटरात थांबलात. हिशेब करा: अंगावर सरासरी पावणेचौदा टनांचा दाब. पावणेतीनशे पोती! साखर कारखान्याच्या गोदामातली अख्खी थप्पी, आणि तीही एकट्या छातीवर.

आता बेल्ट लावा. बॉनेट चुरगळतं, पट्टा थोडा ताणतो, आणि थांबायला तुम्हाला ५ ऐवजी समजा ६० सेंटिमीटर मिळतात. पोती किती? २३! तीच भिंत, तोच वेग, आणि ओझं बाराव्या हिश्शावर. शिवाय ते पडतं खांदा, बरगड्या आणि कमरेच्या हाडावर वाटून. हे सगळं सेकंदाच्या अकराव्या भागात उरकतं.

आता शर्यतीच्या गाडीत डोकावू. तिथे एक पट्टा पुरत नाही, सहा लागतात: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, दोन मांड्यांमधून. २९ नोव्हेंबर २०२०, बहारीन. रोमां ग्रोजाँची फॉर्म्युला वन गाडी ताशी १९२ किलोमीटरने कठड्यात घुसली. जवळपास पंधरा विहिरी! धक्का ६७ जी, म्हणजे शरीराचं वजन सदुसष्टपट. ७० किलोच्या माणसाला ९४ पोती. गाडीचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला, आणि सुमारे २७ सेकंदांनी हा माणूस त्यातून स्वतः बाहेर आला.

याहून मोठा आकडा हवा? १९७७, सिल्व्हरस्टोन. शर्यतपटू डेव्हिड पर्लीची गाडी ताशी १७३ किलोमीटरवरून अवघ्या ६६ सेंटिमीटरात थांबली. अंदाजे १७९.८ जी. अडीचशे पोती! हाडं मोडली, पण माणूस जगला, आणि पुन्हा शर्यतीत उतरला.

मग हेच सहा पट्टे आपल्या गाडीत बसवले तर? थांबा. ग्रोजाँचं डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरा. ६७ जीला ते झाले चारशे किलो. मानेला हिसका आठ पोत्यांचा! धड सहा पट्ट्यांनी जखडलेलं आणि डोकं मोकळं, म्हणजे सगळा हिसका मानेवर. म्हणून शर्यतपटूच्या खांद्यांवर ‘हान्स’ नावाची कडक कॉलर असते आणि हेल्मेट तिला बांधलेलं असतं. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा शर्यतपटू धडकेत मेला, तेव्हा त्याच्या मानेभोवती हान्स नव्हतं. कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. शिवाय शर्यतीच्या ज्या गाड्यांना छत असतं, त्यांत छताखाली पोलादी पिंजरा असतो. आपल्या गाडीत तो नाही. गाडी उलटून छत खाली आलं, तर जखडलेल्या माणसाला सरकायला जागाच नाही. हेल्मेट, हान्स, पिंजरा आणि खास सीट हे सगळं बरोबर असेल तरच ते सहा पट्टे कामाचे. घरच्या गाडीसाठी आपला तीन टोकांचा साधा बेल्टच सरस, असं मी ठामपणे म्हणेन. धडक होताच तो ढील ओढून घेतो, छातीवर फार ताण आला की जरासा सैल सोडतो, आणि तोवर सेकंदाच्या तिसाव्या भागात एअरबॅग फुललेली असते!

हा बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिनने दिला. त्याआधी तो लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. व्होल्वोने पेटंट सगळ्यांना खुलं केलं. कंपनी म्हणते, या बेल्टने दहा लाखांहून जास्त जीव वाचवले. दहा लाख! गर्दीच्या वेळच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं धरा. दोनशे लोकल, खचाखच भरलेल्या. एकीमागे एक लावल्या, तर पहिली सीएसएमटीला आणि शेवटची डोंबिवलीच्याही पुढे!

आणि आपल्याकडे? २०२२ मध्ये भारतात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं अपघातांत गेली. दर एकतीस मिनिटांना एक. डेक्कन क्वीन पुण्याहून निघून मुंबईला पोहोचेपर्यंत सहा जण. यातले जवळपास निम्मे गाडी चालवत नव्हते, नुसते बसलेले होते.

तेव्हा मागच्या सीटवरही बेल्ट लावा. आणि बाळाला मांडीवर घेऊ नका, त्याच्या वेगळ्या सीटमध्ये बांधा. ताशी ५० च्या धडकेत दहा किलोचं बाळ तीन पोत्यांहून जड होतं, आणि तेवढं ओझं कुठल्याही आईच्या हातांना धरवत नाही.