चाकांवरचे घर आणि प्रेअरीचा वारसा

कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचेवन व अल्बर्टा या तीन प्रांतांच्या दक्षिण भागात पसरलेल्या सपाट मुलुखाला ‘प्रेअरी’ असे म्हणतात. गव्हाचे कोठार म्हणून शालेय भूगोलात त्याची ओळख होते. नजर पोहोचेल तेथवर शेते, गवत आणि आकाश. अशा प्रदेशात प्रवाशाने पाहावे तरी काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तथापि, थंडी ओसरताच अनेक कुटुंबे येथे मुक्कामाला येतात आणि त्यांतील पुष्कळजण आपले घर बरोबर घेऊन येतात. हे घर म्हणजे कॅरॅव्हॅन होय.

मुक्कामाची व्यवस्था

काही कॅरॅव्हॅन मोटारीमागे जोडतात, तर काहींना स्वतःचे इंजिन असते. आत निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, शौचकूप आणि पाण्याची टाकी असते. गावे दूरदूर वसलेल्या मुलुखात ही सोय मोलाची ठरते. शासकीय उद्यानांतील तळांवर प्रत्येक गाडीसाठी क्रमांक दिलेली जागा आखलेली असते. अनेक तळांवर वीजजोडणी व पिण्याचे पाणी मिळते. सांडपाणी व मैला गाडीतील टाक्यांत साठवून नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामा करावा लागतो. गवत वाळून वारे सुटले की शेकोटीवर बंदी येते. कारण एका ठिणगीने मैलोगणती गवत पेटू शकते.

गवताखालचा इतिहास

वरवर रिकामा दिसणारा हा प्रदेश इतिहासाने भरलेला आहे. अल्बर्टातील ‘हेड-स्मॅश्ड-इन’ या कड्याकडे मूळ निवासी जमाती बायसनचे कळप हाकत नेऊन शिकार करीत. ही प्रथा सुमारे ६,००० वर्षे चालू होती. १९८१ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मिल्क नदीकाठच्या वालुकाश्माच्या कड्यांवरील कोरीव व रंगीत चित्रांना हाच मान २०१९ साली लाभला. ब्लॅकफूट लोकांच्या दृष्टीने ती भूमी पवित्र आहे. दगड मऊ असल्याने नुसत्या स्पर्शानेही चित्रे झिजतात. म्हणून त्यांतील बराच भाग मार्गदर्शकासोबतच पाहता येतो.

एकोणिसाव्या शतकातील बेसुमार शिकारीने बायसन नामशेष होण्याच्या मार्गावर होता. डिसेंबर २००५ मध्ये सस्कॅचेवनमधील ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात ७१ बायसन पुन्हा आणण्यात आले. सास्काटून शहराजवळील वानुस्केविन येथे २०१९ साली हे प्राणी परतले. पुढच्याच वर्षी त्यांच्या लोळण्याने माती सरून एक प्राचीन कोरीव शिळा उघडी पडली. वन्यजीव व वारसा यांचे जतन परस्परांपासून वेगळे काढता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गावांचा सहभाग

पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब सस्कॅचेवनमध्ये आढळते. तेथे १९६० साली प्रादेशिक उद्यानांविषयी कायदा झाला. त्यानुसार शेजारची गावे, नगरे व ग्रामीण पालिका एकत्र येऊन स्वतःचे उद्यान उभारू व चालवू लागल्या. एकट्या गावाला न पेलणारे काम संयुक्त जबाबदारीने शक्य झाले. तळ्याकाठी वा ओढ्याच्या खोऱ्यात मुक्कामाची जागा तयार करणे व तिची निगा राखणे, ही कामे स्थानिक मंडळे पाहतात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. सोलापूर-पुणे परिसरातील माळरानांवर काळवीट व लांडगे आढळतात. तरीही ‘पडीक’ हाच शिक्का त्या जमिनींवर बसतो. अशा ठिकाणी पर्यटक आणण्यापूर्वी सांडपाणी, कचरा व आग यांची व्यवस्था ठरली पाहिजे आणि ती सांभाळण्यात गावाला वाटा मिळाला पाहिजे. प्रेअरीत नांगराखाली गेलेले मूळ गवत पूर्ववत करणे दुष्कर ठरले आहे. माळरानाचे मोल ते शाबूत असतानाच ओळखणे, हाच त्यातील धडा होय.