ठळक किंमत, बारीक अटी

भातसानगर, शहापूर, मुरबाड, माळशेज ही नावे मुंबई-ठाण्याच्या माणसाला मोबाइलवर हमखास भेटतात ती प्लॉटच्या जाहिरातींत. मागे भातसा धरणाचे निळे पाणी किंवा माहुलीचे सुळके, त्यावर जाड पिवळ्या आकड्यांत किंमत, लाल पट्टीत समृद्धी महामार्गापासूनचे मिनिटांतले अंतर आणि तळाशी करड्या रंगात मुंगीएवढ्या अक्षरांच्या दोन ओळी. अंगठा पुढे सरकण्याआधी डोळा अशा चित्रावर क्षणभरच टेकतो. तेवढ्यात किंमत वाचून होते, तळाच्या ओळी राहून जातात. अक्षर आणि रंग ही जाहिरातीची सजावट आहे असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. लिहिलेल्यातले काय वाचले जाईल आणि कशावर विश्वास बसेल, हे तीच दोन ठरवतात.

रंगाचे काम उठाव देण्याचे. उठाव म्हणजे अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, आणि तो मोजता येतो. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांनुसार साध्या मजकुराला हे गुणोत्तर किमान ४.५ लागते. पांढऱ्यावर काळे २१ भरते, पिवळ्यावर काळे १९ च्या पुढे जाते. पांढऱ्यावर झगझगीत पिवळे मात्र जेमतेम १.०७. भडक लालावर भडक हिरवे ३ लाही पोचत नाही. भर उन्हात खाचराच्या बांधावर उभे राहून मोबाइल पाहणाऱ्याला ही जोडी वाचताच येणार नाही. देवनागरीची अडचण याहून नाजूक आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि अक्षराखाली उकार, इतका पसारा इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींत कोंबला की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीच्या सवयीने अक्षरे सुटी केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जाड कड आणि सावली चढवली की ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ व्हायला वेळ लागत नाही. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्ता’ आज कोणालाही फुकट मिळतो. चांगले मराठी अक्षर नाही, ही सबब आता उरलेली नाही.

वाचायला सोपे ते खरे वाटते, याला पुरावा आहे. रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमुक शहर अमुक देशात आहे, अशी साधी विधाने वेगवेगळ्या रंगांत दाखवली. उठून दिसणारी विधाने लोकांना जास्त वेळा खरी वाटली. प्लॉटच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर होते. ‘एनए’ (बिगरशेती) ठळक आणि त्याआधीचे ‘प्रस्तावित’ बारीक, एवढ्यानेही आयुष्याची पुंजी अडकू शकते. कारण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातींत १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा केला. एप्रिल २०२५ मध्ये त्यापुढे जाऊन नोंदणी क्रमांक, महारेराचे संकेतस्थळ आणि कोड वरच्या उजव्या भागात हवेत, आणि त्यांचे अक्षर संपर्क क्रमांकाच्या अक्षराहून लहान नको, असे बजावले. हा नियम मोडणाऱ्याला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अक्षराच्या मापाची दखल नियमाला घ्यावी लागली, ती उगीच नव्हे.

भडक रंग आपल्या लोकांना आवडतात, मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेतले फलक पाहा, असे यावर म्हटले जाईल. आवडू देत. भडकपणाशी भांडण नाही. सगळेच भडक करण्याशी आहे. सारख्या गोष्टींच्या यादीतली एकच वेगळी गोष्ट लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. चारही कोपरे ओरडू लागले की एकही ऐकू येत नाही. माल चांगला असेल तर अक्षर कोण बघतो, हा दुसरा आक्षेप. ओळखीच्या गिऱ्हाइकापुरता तो खरा. मुरबाडच्या एखाद्या बचत गटाने नाचणी किंवा तांदूळ व्हॉट्सअॅपवरून डोंबिवलीच्या अनोळखी घरी विकायचा म्हटले, तर त्या घरापुढे फक्त एक चित्र असते. वजन, भाव आणि फोन नंबर तिथे एका नजरेत सापडलेच पाहिजेत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: सगळे ठळक सांगणारा प्रामाणिक विक्रेता लपवणाऱ्यापुढे मार खातो. तांदळाचे गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात परत येते, म्हणून तिथे लपवाछपवी फार टिकत नाही. प्लॉट माणूस बहुधा एकदाच घेतो, तिथे लपवणारा खरोखरच जिंकू शकतो. म्हणून तिथे नियम हवा, आणि नजर आपलीही हवी. शहापूर-मुरबाडच्या प्लॉटची पुढची जाहिरात समोर आली की दोन बोटांनी चित्र मोठे करा, सर्वांत बारीक ओळ आधी वाचा, कोड स्कॅन करून नोंदणी बघा, आणि सातबारा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.