‘बोहेमियन्स’ : एका फुटबॉल-क्लबाच्या नावाचा इतिहास

विशेषनामांस अर्थ नसतो, केवळ निर्देश असतो, असे तर्कशास्त्राच्या काही ग्रंथांतून प्रतिपादिले जाते. भाषाव्यवहाराचा अभ्यास करणारास हे मत पूर्णतः मान्य होणे कठीण आहे. नाव एकदा ठेवले गेले की त्याभोवती अर्थ साचू लागतो; ते बदलले तर लोक रुष्ट होतात, आणि हिरावले गेले तर न्यायालयाची पायरी चढतात. प्राग शहराच्या व्हर्शोव्हित्से या भागातील ‘बोहेमियन्स’ नामक फुटबॉल-क्लबाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हा क्लब प्रागमधील सर्वांत बलाढ्य क्लब कधीच नव्हता. तो मान स्पार्टा आणि स्लाव्हिया या दोघांचा. तथापि नावाच्या बाबतीत या क्लबाने जे भोगले, ते त्या दोघांच्याही वाट्यास आले नाही.

क्लबाची स्थापना 1905 साली झाली. तेव्हा व्हर्शोव्हित्से ही प्रागच्या सीमेवरील स्वतंत्र नगरी होती. बृहत्प्रागमध्ये तिचा समावेश 1922 साली झाला. क्लबाचे नावही साधे व स्थानिक होते : ‘आ. एफ. का. व्हर्शोव्हित्से’, म्हणजे व्हर्शोव्हित्से येथील फुटबॉल-क्लब. गावाचे नाव तेच क्लबाचे नाव, असा हा सरळ व्यवहार होता. तो 1927 साली मोडला, आणि तोही स्वदेशी नव्हे तर सातासमुद्रांपलीकडे. त्या वर्षी क्लबास ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचे निमंत्रण आले. ज्यात चार-चार व्यंजने खांद्याला खांदा लावून उभी असतात अशा चेक भाषेतील एका उपनगराचे नाव सिडनी-मेलबर्नच्या प्रेक्षकांच्या तोंडी बसणे अशक्यच होते. तेव्हा परदेशी ओळखू येईल असे नाव घेणे भाग पडले, आणि ‘बोहेमियन्स’ हे नाव पुढे आले. दौऱ्याच्या अखेरीस क्लबास दोन जिवंत कांगारू भेट मिळाले. नाव आणि कांगारू ही दोन्ही संघ घरी घेऊन आला. कांगारू क्लबाच्या चिन्हावर जाऊन बसला आणि नाव क्लबास कायमचे चिकटले.

या नावाची घडण पाहण्याजोगी आहे. बोयी ही केल्ट वंशाची जमात. तिच्या निवासभूमीस रोमन लेखकांनी जे नाव दिले त्याचा उत्तरार्ध ‘घर’ या अर्थाच्या जर्मानिक शब्दाचा आहे. टॅसिटसच्या ‘जर्मानिया’त या नावाचा उल्लेख सापडतो. त्यावरून लॅटिन ‘बोहेमिया’, त्यावरून इंग्रजी ‘बोहेमियन’, आणि त्यास इंग्रजी बहुवचनाचा ‘स्’ प्रत्यय. म्हणजे केल्ट जमात, जर्मानिक घर, लॅटिन शेवट आणि इंग्रजी बहुवचन इतका सरंजाम एका शब्दात जमला असून त्यात स्लाव्ह अंश तेवढा नाही! चेक लोक स्वतःच्या भूमीस ‘चेखी’ म्हणतात; ‘बोहेमिया’ हे परक्यांनी दिलेले नाव होय. स्लाव्हियाचे नाव ज्या स्लाव्ह अभिमानाचा उच्चार करते, त्याच्या शेजारी हे नाव ठेवून पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. एकाने आपण कोण हे आपल्या वंशाच्या नावे सांगितले. दुसऱ्याने परके आपल्यास काय म्हणतात तेच आपले म्हणून स्वीकारले.

त्या शब्दाची दुसरी अर्थच्छटाही येथे विसरता येत नाही. रोमा लोक बोहेमियातून आले अशा समजुतीने फ्रेंचांनी त्यांस ‘बोएमियँ’ म्हटले; पुढे आंरी म्युर्झेच्या कथांतून आणि पुच्चीनीच्या 1896 च्या संगीतिकेतून हा शब्द दरिद्री व स्वच्छंद कलावंताचा वाचक बनला. ज्या लोकांमुळे ही छटा शब्दास चिकटली त्यांची भाषा भारतीय आर्यकुळातील आहे, हे जाता जाता नमूद करणे वावगे होऊ नये. क्लबाच्या चाहत्यांनी ही छटा नाकारली तर नाहीच, उलट मिरविली. फार जिंकत नाही पण खेळतो सुंदर, अशी जी या क्लबाची ख्याती झाली तिला ते नाव अनायासे पोषक ठरले.

चेक व्याकरणाने या पाहुण्यास कसे वागविले? चेक नाम सात विभक्तींतून फिरते. ‘स्पार्टा’ व ‘स्लाव्हिया’ ही आकारान्त स्त्रीलिंगी नामे म्हणून सहज चालविली जातात. ‘बोहेमियन्स’ मात्र कोणत्याही साच्यात बसत नाही, म्हणून औपचारिक लेखनात ते अविकारी ठेवितात. पण बोलणाऱ्यास अविकारी नाम जड जाते. त्याने ‘बोहेम्का’ असे रूप सिद्ध केले. ‘का’ हा चेकमधील अत्यंत सुपीक प्रत्यय होय. ‘खनिजयुक्त पाणी’ या दोन शब्दांचे ‘मिनेरालका’ असे एकपदी रूप तोच करितो. ‘बोहेम्का’ स्त्रीलिंगी आहे, तिची सर्व विभक्तिरूपे होतात, आणि तिच्यात जवळिकीचा सूरही आहे. परकीय बहुवचनाचे असे घरगुती एकवचन होणे हीच त्या नावाच्या स्वीकाराची खरी खूण होय. चाहत्यांचे दुसरे संबोधन ‘क्लोकानी’, म्हणजे कांगारू. हा शब्दही नैसर्गिक वाढीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान स्वातोप्लुक प्रेस्ल या निसर्गशास्त्रज्ञाने चेक भाषेस शास्त्रीय परिभाषा मिळवून देण्यासाठी जे अनेक शब्द घडविले त्यांपैकी ‘क्लोकान’ हा एक. परिभाषाकाराच्या टाकसाळीतील नाणे शतकानंतर फुटबॉलच्या मैदानावर आरोळी बनून घुमावे, हे भाग्य फार थोड्या पारिभाषिक शब्दांस लाभते.

यानंतरचा काळ नामांतरांचा आहे. जर्मन अंमलाखाली, ‘बोहेमिया व मोराव्हिया संरक्षित प्रदेश’ अस्तित्वात असताना, इंग्रजी प्रत्यय छाटून नावाचे ‘बोहेमिया’ करण्यात आले. 1945 नंतर ‘स्’ परत आला, पण तो फार काळ टिकला नाही. 1948 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सत्ता घेतली आणि क्रीडासंस्थांची व्यवसायवार पुनर्रचना झाली. खाणकामगारांच्या संघांस ‘बानीक’, यंत्रोद्योगातील कामगारांच्या संघांस ‘स्पार्ताक’ अशी नावे देण्याची ती पद्धत होती. तीत नाव हे स्थानाचे वा परंपरेचे न राहता उत्पादनव्यवस्थेतील जागेचे दर्शक झाले. व्हर्शोव्हित्सेचा क्लब आधी ‘झेलेझ्निचार्झी’, म्हणजे रेल्वेकामगार, झाला आणि मग ‘स्पार्ताक प्राग स्तालिनग्राद’. हे शेवटचे नाव भाषिक दृष्ट्या मोठे चमत्कारिक आहे. रोमन गुलामांचा पुढारी, चेक राजधानी आणि रशियन रणक्षेत्र यांची ही त्रिपुटी. आणि तिसरे पद तरी थेट रणक्षेत्रावरून आलेले नव्हे, तर ते नाव धारण करणाऱ्या प्रागमधील एका कारखान्यावरून आलेले! 1961 साली खुद्द सोव्हिएत संघातच स्तालिनग्रादचे वोल्गोग्राद झाले. त्याच सुमारास प्रागमध्येही ते पद गळून ‘चे-का-दे’ या यंत्रनिर्मितिसंस्थेचे नाव क्लबास मिळाले.

1965 च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातील राजकीय वातावरण सैलावू लागले, तेव्हा तीनही जुनी नावे प्रागमध्ये परतली : ‘डायनामो’ची पुन्हा स्लाव्हिया झाली, ‘स्पार्ताक सोकोलोव्हो’ची स्पार्टा, आणि व्हर्शोव्हित्से येथे ‘बोहेमियन्स चे-का-दे’. सतरा वर्षांच्या अधिकृत नावांपैकी एकही लोकांच्या जिभेवर रुजले नव्हते. आज्ञेने नाव बदलता येते, रूढी बदलत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणे अवघड.

क्लबाचा सर्वांत कीर्तिमान खेळाडू आंतोनीन पानेन्का 1967 मध्ये पहिल्या संघात आला आणि 1981 पर्यंत तेथे खेळला. 20 जून 1976 रोजी बेलग्रेड येथे युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना चेकोस्लोव्हाकिया व पश्चिम जर्मनी यांच्यात 2-2 असा बरोबरीत राहिला आणि निर्णय पेनल्टी-फटक्यांवर गेला. जर्मनीच्या उली होनेसने चेंडू आडव्या खांबावरून बाहेर मारल्यावर पानेन्काचा फटका निर्णायक ठरणार होता. तो वेगाने धावत आला. जर्मन गोलरक्षक झेप मायर एका बाजूस झेपावला. आणि पानेन्काने चेंडू खालून हलकेच उचलून गोलच्या मध्यभागी अलगद सोडला. चेकोस्लोव्हाकिया 5-3 अशा फरकाने विजयी झाला. हा फटका ऐन वेळचा विलास नव्हता. सरावानंतर क्लबाचा गोलरक्षक झ्देनेक ह्रुश्का याच्याशी बिअर वा चॉकलेटची पैज लावून पानेन्काने तो दीर्घ काळ घोटविला होता.

पुढे अनेक भाषांत ‘पानेन्का’ हे त्या फटक्याचेच सामान्यनाम झाले. चेक भाषेत मात्र त्यास ‘व्हर्शोव्हित्स्की द्लौबाक’ असेही म्हणतात. ‘द्लौबाक’ म्हणजे चेंडू खालून खणल्यागत उचलणारा फटका. जे ग्रामनाम 1927 साली उच्चारण्यास कठीण म्हणून बाजूस सारले गेले, ते एका फटक्याच्या नावात विशेषण होऊन टिकून राहिले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. मराठी वाचकास आणखी एक साम्य रुचेल. ‘पानेन्का’ हा चेकमध्ये सामान्य शब्दही आहे. त्याचा अर्थ बाहुली, आणि डोळ्यातील बाहुली हाही. कन्येच्या वा बाहुलीच्या नावाने डोळ्यातील काळ्या बिंदूस संबोधण्याची ही कल्पना संस्कृत ‘कनीनिका’, लॅटिन ‘पुपिल्ला’ आणि मराठी ‘बाहुली’ यांतही आहे. डोळ्यात पाहणाऱ्यास आपलेच चिमुकले प्रतिबिंब दिसते, हे तिचे मूळ.

1982-83 च्या हंगामात तोमाश पोस्पीखाल यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबाने आपले एकमेव राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी युरोपीय ‘युएफा’ चषकात तो उपान्त्य फेरीपर्यंत पोचला आणि बेल्जियमच्या आन्डरलेख्टकडून हरला. पानेन्का तेव्हा व्हिएन्नाच्या रापिड संघात होता. जो क्लबाची मुद्रा होऊन बसला, तो नेमक्या विजयाच्या वर्षी संघात नव्हता.

1989 नंतर राज्याश्रय व कारखान्यांचा आधार सुटला. व्यावसायिक क्लब म्हणून तगून राहणे व्हर्शोव्हित्सेस जमले नाही, आणि 2005 साली कर्जबाजारी क्लब स्पर्धेतून बाद झाला. तेव्हा चाहत्यांनी सहकारी संस्था उभारून पैसा गोळा केला. स्थापनावर्ष नावातच गुंफून ‘बोहेमियन्स 1905’ हा क्लब खालच्या पातळीवरून पुन्हा उभा राहिला, आणि 2007 साली पहिल्या श्रेणीत परतला. परंतु नाव व चिन्ह यांची व्यापारी मुद्रा फुटबॉल-क्लबाकडे नव्हतीच. ती ‘ते-ये बोहेमियन्स’ या बहुक्रीडा संस्थेकडे होती. या संस्थेने नाव व चिन्ह वापरण्याचा अधिकार शहराच्या उत्तरेकडील स्त्शीझ्कोव येथील क्लबास दिला. 2009-10 च्या हंगामात तर पहिल्या श्रेणीत दोन ‘बोहेमियन्स’ एकाच वेळी खेळत होते! स्त्शीझ्कोवचा संघ वसंत ऋतूतील सामन्यास मुळी मैदानावर आलाच नाही. त्याचे गुण कापले गेले व हंगामाअखेर तो श्रेणीतून खाली गेला. न्यायालयातील वाद त्यानंतरही रेंगाळला.

या वादात दोन्ही पक्षांची भाषा वेगळी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. एकाच्या लेखी नाव ही मालमत्ता होती, आणि मालमत्ता भाड्याने देता येते. दुसऱ्याच्या लेखी ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या संबोधनाने झालेले एक नाते होते, आणि नाते भाड्याने देण्याची सोय कोणत्याही भाषेत नाही. कायद्यास पहिली भाषा समजते. तरीही प्रेक्षक व्हर्शोव्हित्सेच्या क्लबामागेच उभे राहिले, आणि अखेर नावही त्याच्यापाशीच राहिले. 2013 पासून ते ‘बोहेमियन्स प्राग 1905’ असे लिहिले जाऊ लागले.

क्लबाचे मैदान 1932 साली खुले झाले. त्याचे लोकनाम ‘द्योलीचेक’, म्हणजे लहानशी खळगी. गालावरील खळीसही हाच शब्द. 2010 ते 2012 हे दोन हंगाम क्लबास ते सोडून स्लाव्हियाच्या मैदानावर खेळावे लागले. पुढे 2016 साली प्राग नगरपालिकेने ती जागा विकत घेतली. हे मैदान ज्या भागात आहे त्याचे नाव अद्याप व्हर्शोव्हित्सेच आहे, आणि परदेशी समालोचकांस ते अद्याप नीट उच्चारता येत नाही.