विंडोजला न झेपणारी जन्मतारीख आणि फाइलींच्या इतर भानगडी

जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा, १२ जानेवारी १५९८ चा. विंडोजच्या पंचांगात ही तारीखच नाही! विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था काळ मोजते १ जानेवारी १६०१ पासून, तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. ग्रेगोरियन कॅलेंडरचं ४०० वर्षांचं चक्र तिथून सुरू होतं, म्हणून तो दिवस निवडला गेला. कुणी हौसेनं एखाद्या फाइलला जिजाऊंची जन्मतारीख चिकटवायला गेलं, तर तीन वर्षं कमी पडतात. वडील लखुजी जाधवरावांची १६२९ मधली हत्या मात्र आरामात बसते.

पहाटेचे साडेपाच

लिनक्स आणि अँड्रॉइडचा काळ १ जानेवारी १९७० ला, ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होतो. फोटोच्या तारखेची नोंद हरवली की तिथं उरतं शून्य. त्यात भारताचे साडेपाच तास मिळवले की काल शेगावला काढलेला फोटो मोबाइल दाखवतो १९७० सालचा, पहाटे ५:३० चा. तसे हे साडेपाच तासही मिर्झापूरकडच्या रेखांशाचे. बुलढाण्याचा सूर्य घड्याळाच्या साधारण २५ मिनिटं मागं चालतो, पण फाइलीला सूर्याशी काय देणंघेणं!

जन्माआधीच दुरुस्ती

सगळ्यात जास्त डोकी चक्रावतात ती इथं. मेहकरच्या डीटीपीवाल्यानं मार्चमध्ये केलेली लग्नपत्रिका तुम्ही जूनमध्ये पेनड्राइव्हवरून घरच्या संगणकावर घेतली. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. क्रिएटेड: जून. मॉडिफाइड: मार्च. फाइल जन्मली जूनमध्ये आणि तिच्यात फेरफार झाला मार्चमध्ये? कुणी गडबड केलेली नाही. कॉपी केली की त्या डिस्कवर नवी फाइल जन्मते, म्हणून जन्मतारीख नवी. मजकुराला हात लागलेला नाही, म्हणून फेरफाराची तारीख जुनी. त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर फक्त पत्ता बदलतो, जन्मतारीख तीच राहते.

एक प्रयोग करून पाहा. फाइल पुसा आणि १५ सेकंदांच्या आत त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची नवी बनवा. विंडोज नव्या फाइलला मेलेल्या फाइलची जन्मतारीख देतं! जुने प्रोग्रॅम सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहायचे, मूळ पुसायचे आणि तात्पुरतीला मूळचं नाव द्यायचे. दर सेव्हला जन्मतारीख बदलू नये, म्हणून केलेली ही सोय.

‘मी तं फक्त उघडून पायली’

ऑफिसातली ही सबब बऱ्याचदा खरी असते. वर्डची फाइल नुसती वाचायला उघडली तरी वर्ड शेजारी एक लपलेली फाइल ठेवतं आणि बंद करताना ती काढून घेतं. फाइलची तारीख जशीच्या तशी, फोल्डरची मात्र आजची. एक्सेल त्याहून वस्ताद. पत्रकात आजची तारीख काढणारं सूत्र असेल, तर काहीच न करता बंद करतानाही ते ‘सेव्ह करू का?’ विचारतं, आणि आपण सवयीनं ‘हो’ म्हणतो.

पेनड्राइव्हची तऱ्हा वेगळी. ती फॅट-३२ पद्धतीची असेल तर फेरफाराच्या वेळेतले सेकंद नेहमी सम असतात, कारण ती दोन-दोन सेकंदांनी मोजते. शिवाय वेळ कुठल्या देशाची, हे ती लिहूनच ठेवत नाही. बुलढाण्यात सकाळी ९ ला भरलेली फाइल न्यू जर्सीतला भाचाही ९ चीच पाहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो? त्यातली कॅमेऱ्याची नोंद वाटेतच गळते, उरते ती पाठवल्या-मिळाल्याची तारीख. मूळ तारीख हवी असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

दुपारी ३ आधी की नंतर?

वेळेचा वाद कधी कोर्टातही जातो. देऊळगावराजाच्या शेजारी जालना. २०१४ ची विधानसभा. उमेदवारी अर्जाची मुदत २७ सप्टेंबर, दुपारी ३. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले: खोतकरांचे अर्ज ३ नंतर आले! पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. सीडी मिळाल्या, पण त्यांना जोडायचं, तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. तरीही औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण दिल्लीला गेलं आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी नियम पक्का केला: मूळ यंत्र हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखवायची, तर प्रमाणपत्र हवंच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्रावर फाइलचा ‘हॅश’ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेला लांबलचक आकडा. फाइल शंभरदा कॉपी करा, तारखा हव्या तितक्या उलटसुलट होऊ द्या, हॅश तोच. आत एक स्वल्पविराम वाढवा, आकडा पार वेगळा. तारखेच्या भरवशावर भांडणाऱ्यांनी हे आधी शिकावं, असं माझं स्पष्ट मत.

लोणारचं ‘मॉडिफाइड’

लोणारचा खडक ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली फार जुनी फाइल. बेसाल्ट तयार झाला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हे झालं क्रिएटेड. उल्का आदळली, खडक वितळला, आत साठलेला आर्गॉन वायू निसटला आणि वितळलेल्या भागाचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. तरी मॉडिफाइडची तारीख किती काळ चुकीची वाचली जात होती! आधीच्या एका मोजणीत विवर सुमारे ५२ हजार वर्षांचं ठरलं होतं. २०११ मध्ये आर्गॉन मोजून उत्तर आलं ५ लाख ७० हजार.

मंगळवार, सकाळी ८:४४

१९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रांचा आकडा त्या क्षणी भरतो. पुढच्या सेकंदाला ती उडी मारतील थेट डिसेंबर १९०१ मध्ये आणि आपल्या वेळेसाठी इमानदारीनं साडेपाच तास मिळवतील. भारतीय प्रमाणवेळ मात्र सुरू झाली १९०६ मध्ये.